पट्टा धरायला कोण आहे?

गोदावरीवर लाँचमधून पापीकोंडलूचे डोंगर बघायला जायचंय, कुठली लेन्स नेऊ? हल्ली आमच्या ऑफिसात हा प्रश्न कोणीही विचारतं आणि उत्तर द्यायला चौघं तयारच असतात. अठ्ठावीसची ने, डोंगर अख्खे येतील. छे, दोनशेची ने, काठावरची माणसं जवळ येतील. मी गप्प बसते. मी गप्प बसले हीच बातमी असते, मला ओळखणारे सांगतील! पण त्या वेळी मला बिरादारमामा आठवतात आणि त्यांचा पहिला प्रश्न आठवतो, जो लेन्सचा नसायचाच.

"पट्टा धराया कोन हाय?"

मामा म्हणजे दिगंबर बिरादार, माझी मैत्रीण अलका हिचे वडील. चिक्कडपल्लीत आम्ही वरच्या मजल्यावर, ते खाली. मूळचे उदगीरकडचे, शेतीवाले. त्यांचे वडील निजामाच्या काळात हैदराबादला आले आणि इथलेच झाले. त्यामुळे मामा घरात उदगीरची मराठी बोलायचे, गिऱ्हाइकाशी दखनी, भाजीवालीशी तेलुगू, आणि तिन्ही सारख्याच सावकाश. मी भरभर बोलते म्हणून मला टाइपरायटर म्हणायचे. "ए टाइपरायटर, दम घे. शब्द पळून चाललेत का?"

त्यांचं दुकान जामबागेत. फुलांच्या बाजाराकडून आतल्या गल्लीत वळलं की लगेच. एक माणूस आत बसला की दुसऱ्याने पायरीवर थांबायचं, एवढंच. कॅमेरा दुरुस्ती आणि लेन्स भाड्याने. पाटीवर नाव होतं 'खाजा कॅमेरा वर्क्स'. गिऱ्हाइकं मामांनाच "खाजा साब" म्हणायची आणि मामा "हौ, बोलो" म्हणायचे. वर्षानुवर्षं! मला हे भारी गमतीचं वाटायचं. एकदा मी विचारलं, "मामा, तुम्ही खाजा नाही हे सांगत का नाही?"

ते स्क्रू पिळत होते. मान वर न करता म्हणाले, "हाक मारली तर कुनीतरी ओ द्यावी लागती."

मला तेव्हा हसू आलं होतं.

लेन्सा एका पत्र्याच्या पेटीत असायच्या. बुरशी लागू नये म्हणून पेटीत झिरोचा बल्ब कायम चालू. मामा पेटी उघडायचे तेव्हा तोंडावर लालसर उजेड पडायचा. एकेक लेन्स हातात घेऊन ट्यूबलाइटसमोर धरायची, मग नाकाशी न्यायची. हो, वास घ्यायचे! बुरशी दिसायच्या आधी वासाला येते म्हणे. आणि लेन्सांबद्दल बोलायचे ते घरातल्या सुनांबद्दल बोलावं तसं. "अठ्ठावीसची लबाड. सगळं दूर सारून दाखवती. कठडा दोन हात लांब दिसतो अन् असतो गुडघ्यापाशी. दोनशेची बहिरी करती. समोरचं तेवढं खरं, बाकीची दुनिया गायब. पन्नासची गरीब. डोळ्याला दिसतं तेवढंच दाखवती."

लग्नाला जा, चारमिनारला जा, डोंगरावर जा, मामा मागाल ती लेन्स द्यायचे. पण पाणी म्हटलं की एकच. पन्नासची. आणि एकच म्हणजे एकच, पिशवीत दुसरी नाही. "पान्यावर लेन्स बदलायची न्हाई. बदलाया दोन हात लागतात."

दोन हात तर सगळ्यालाच लागतात, असं मी मनात म्हणायचे.

आणि पट्टा. पाण्यावर जाणाऱ्याने सोबत एक माणूस आणायचा, दुकानात, मामांसमोर. त्या माणसाने फोटो काढणाऱ्याच्या कमरेचा पट्टा मागून धरायचा. तळवा वर, मूठ घट्ट, एक पाय कशाला तरी टेकवलेला. "धरनाऱ्यानं नजारा बघायचा न्हाई. त्यानं पानी बघायचं." मग रंगीत तालीम! दुकानाला तीन पायऱ्या आणि खाली उघडं गटार. गिऱ्हाइकाने पायरीच्या टोकावर उभं राहून गटारावर वाकायचं आणि धरणाऱ्याने मागून धरायचं. चांगले शर्ट-टाय घातलेले लोक, बँकेतले साहेब, गटारावर वाकलेले, आणि मागे त्यांची बायको पट्टा धरून! समोरचा चहावाला तर वाटच बघायचा. "क्या खाजा साब, आज किसको डुबारे?"

मामा त्याच्याशी कधी हसले नाहीत. बाकी सगळ्यावर हसायचे. ह्यावर नाही.

एकदा हिमायतनगरचे एक डॉक्टर आले. मोठे, गाडीतून. नागार्जुनसागरला लाँचने जाणार होते. मामांनी विचारलं, धरणारा कोण? डॉक्टरांनी बाहेरून ड्रायव्हरला बोलावलं. मामा ड्रायव्हरकडे खूप वेळ बघत राहिले. मग त्यालाच विचारलं, "पगार वक्त पे देते क्या ये?" ड्रायव्हर बिचारा चपलेकडे बघायला लागला. मामांनी पेटीचं झाकण लावून टाकलं. "नक्को साब. ये नै पकडता आपकू."

डॉक्टर इतके चिडले! गल्लीभर ओरडले. पण दोन दिवसांनी आले, सख्ख्या भावाला घेऊन. त्या भावाशी ते चार वर्षं बोलत नव्हते, हे नंतर कळलं. तालीम झाली, लेन्स मिळाली. मी अलकाला म्हटलं, तुझे बाबा म्हणजे ना, घरं जोडतात! अलका नुसती हं म्हणाली. तिला ते दुकान आवडायचं नाही.

खाजा कोण हे मामांनी मला एकदाच सांगितलं. दुपार होती, करंट गेला होता आणि पेटीतला बल्ब विझला होता. तो विझला की मामा अस्वस्थ व्हायचे. पेटीवर हात ठेवून बसले होते आणि आपणहून बोलायला लागले.

खाजा त्यांचा दोस्त. दुकान दोघांचं. दोघं पंचविशीत होते तेव्हा गोदावरीवर गेले, राजमंड्रीहून, मालाच्या लाँचमधून. खाजाला पाण्याची भीती. "कठड्यापासून चार हात लांब बसायचा. मांडी घालून, बाईमानसासारखा. तसाच फोटो काढायचा. मी लई हसलो त्याला." मग डोंगर जवळ आले. नदी अरुंद होत होत दोन्हीकडून भिंती आल्यासारखं झालं. मामा म्हणाले, अरे ऊठ, मी धरतो मागून, घे बिनधास्त. खाजा उठला. मामांनी पट्टा धरला. खाजा वाकला, काढले फोटो, हसला, आणखी वाकला. मग म्हणाला, दिगू, अठ्ठावीसची दे.

"पिशवी माझ्या खांद्याला. झाकन काढायचं, लेन्स काढायची, त्याच्या हातातली घ्यायची. टाइपरायटर, दोन हात लागतात की न्हाई?"

मी नुसती मान हलवली.

"तेवढंच सोडलं. तेवढ्यापुरतंच." मग, "लाँच वळली नं तवा."

खाजा सापडलाच नाही. तीन दिवस काठाकाठाने शोधलं.

करंट आला, बल्ब लागला, मामांनी झाकण उघडून आत बघितलं. सगळ्या लेन्सा जागेवर होत्या. "तवापासून एकच लेन्स अन् एक धरनारा," ते म्हणाले. "बीस साल झाले. एक मानूस गेला न्हाई माझ्या लेन्सवरचा."

हे बोलताना त्यांचा आवाज किती ताठ होता ते मला अजून ऐकू येतं.

पुढच्या दोन-तीन वर्षांत सगळं भराभर बदललं. आधी चांगली लेन्स म्हणजे कोणाचा तरी मेव्हणा दुबईहून कपड्यात गुंडाळून आणणार. आता आबिड्सच्या शोरूममध्ये काचेमागे रांगच लागली, हप्त्याने घ्या, आजच न्या! भाड्याने घेणारे कमी झाले. चहावाला म्हणायला लागला, "खाजा साब, दुकान में टीव्ही बेचो." अलकाचं लग्न झालं, पुण्याच्या प्रमोदशी. तो इथे सॉफ्टवेअर कंपनीत आला होता. एकदम मस्त माणूस, मोठ्याने हसणारा, माझ्यासारखाच भरभर बोलणारा. आणि तो अमेरिकेहून प्रोजेक्ट संपवून आला तो नवी झूम लेन्स घेऊन. अठ्ठावीस ते दोनशे, सगळं एकात!

प्रमोदच्या ऑफिसची पापीकोंडलूची ट्रिप ठरली. घरच्यांना घेऊन जायचं. अलका म्हणाली तूही चल, आणि मी काय, एका पायावर तयार. प्रमोद लेन्स घेऊन दुकानात गेला, मामांना कौतुकाने दाखवायला. मी आणि अलका पायरीवर.

मामांनी झूम हातात घेतली. फिरवली. आत-बाहेर, आत-बाहेर. वास घेतला.

"वास न्हाई हिला," म्हणाले.

"नवी आहे ना मामा!"

"ही नका नेऊ, प्रमोदराव. मी पन्नासची देतो."

"अहो पण का? तुमचाच नियम ना, पाण्यावर लेन्स बदलायची नाही? मग ही तर तुमच्यासाठीच केल्यासारखी आहे. बदलायचीच नाही! कोणाला दोन हात लागत नाहीत."

वीस-बावीस वर्षांचा नियम आणि त्याच नियमाने ही लेन्स पास होत होती. मामा झूम फिरवत राहिले. मग म्हणाले, "मग धरनारा मी."

अलका उभीच राहिली. "बाबा, तुम्ही? पाण्यावर?"

खाजा गेल्यापासून मामा कधी होडीतसुद्धा बसले नव्हते. घरी मामी रडल्या, देवाजवळ दिवा लावला. मामांनी ऐकलं नाही. रात्रभर ट्रेनमध्ये ते जागे होते. मी दोनदा उठले, दोन्ही वेळा ते समोरच्या बर्थवर झोपलेल्या प्रमोदकडे बघत बसलेले.

सकाळी राजमंड्रीच्या घाटावर नवीकोरी लाँच उभी होती. दोन मजली, रंगीत पताका, स्पीकरवर गाणी. मामा फळीवरून चढले ते प्रमोदचा पट्टा धरूनच. प्रमोदच्या ऑफिसातली पोरं काय हसली! "अरे, सासऱ्याने आत्ताच पकडून ठेवलंय रे!" प्रमोद पण हसला. चांगला होता तो, म्हाताऱ्याचं मन राखायचं म्हणून काही बोलला नाही. पहिले दोन तास तो पन्नास वेळा इकडून तिकडे गेला असेल आणि मामा पाठोपाठ, मूठ पट्ट्यात, नजर पाण्यावर. इडली खाल्ली नाही, चहा घेतला नाही. पाणी तपकिरी होतं, जाड दिसणारं, आणि त्याच्यावर भोवरे फिरत होते, ताटाएवढे.

मग डोंगर आले.

खरं सांगते, इतकं सुंदर मी काही पाहिलेलं नाही. नदी आत आत वळत जाते आणि समोर वाट बंदच झाल्यासारखी दिसते. गाणी कोणीतरी बंद केली. इंजिनाचा आवाज दोन्ही डोंगरांवर आपटून परत यायला लागला. सगळे उजवीकडे धावले आणि लाँच त्या बाजूला कलली. थोडीच. पण माझ्या पायांना कळलं.

प्रमोद कठड्यावरून बाहेर वाकला होता. पोटापर्यंत बाहेर. झूम पुढे, झूम मागे. मामा मागे पाय टेकवून, दोन्ही हातांनी पट्टा धरून. मी आणि अलका बाजूलाच होतो. आणि प्रमोद आनंदाने ओरडला, मागे न बघता:

"मामा, काय भारी वाटतंय! तुम्ही धरलंय म्हणून हो, नाहीतर एवढं वाकायची माझी हिंमतच नाही!"

मी मामांच्या तोंडाकडे बघत होते. ते तोंड कसं झालं हे मला लिहिता येत नाही. आतून कोणीतरी बल्ब काढून घ्यावा तसं.

ते म्हणाले, अगदी हळू, "खाजा लांब बसायचा."

मग, "मांडी घालून बसायचा तो."

मला समजायला एक क्षण लागला. वीस-बावीस वर्षं ते स्वतःला दोष देत होते तो सोडल्याचा. सोडल्याचा नव्हताच. धरल्याचा होता. धरलं नसतं तर तो माणूस कठड्याजवळ आलाच नसता.

"प्रमोदराव, आत या."

"एक मिनिट!"

"आत या म्हनतो!"

इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. उलट आणखी थोडा वाकला, कारण पट्टा घट्ट होता ना! मामांच्या हातांना रग लागली होती. दोन तास धरलेले हात. ते सोडू शकत नव्हते, प्रमोदचा सगळा भार त्यांच्याच मुठीवर होता. आणि धरून ठेवलं तर तो वाकतच राहणार होता. लाँच वळायला लागली.

"प्रमोद!" मामा किंचाळले. जावयाला राव न लावता त्यांनी मारलेली हाक मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकली.

अलकाने झडप घालून त्याचा शर्ट धरला, मी दंड धरला, आणि तिघांनी त्याला मागे ओढलं. तो धपकन डेकवर बसला. "अरे काय झालं काय? माझी फ्रेम गेली!"

काही झालं नाही. खरंच काही झालं नाही. लाँच वळून सरळ झाली, पोरं हसली, कोणीतरी गाणी परत लावली. पण मामा पट्टा सोडेनात. प्रमोद बाकावर बसला तर मामा त्याच्या मागे खाली बसले, मूठ तशीच. जेवणाची ताटं आली, प्रमोद जेवला, मूठ तशीच. "मामा, आता सोडा ना," तो लाजून म्हणाला. मामा म्हणाले, "सुटत न्हाई." मला वाटलं हट्ट करतायत. पण त्यांची बोटं पांढरी पडली होती आणि ते स्वतःच त्यांच्याकडे बघत होते, दुसऱ्या कोणाची असल्यासारखी.

परतीच्या वाटेवर ते मोजायला लागले. माणसं. "कोठीचे दोघं भाऊ. मास्तर अन् त्याची बायको. त्यो डाक्टर, त्यो तर कधी बोटीत उभाबी ऱ्हायला नसता." प्रत्येकाला त्यांनी पायरीवर उभं करून वाकायला शिकवलं होतं. त्यातलं नेमकं कोण किती वाकलं, हे त्यांना कधी कळणार नव्हतं. लेन्स परत आली की ते लेन्स तपासायचे, माणसाला विचारायचे नाहीत. मोजता मोजता एकदम थांबले.

"उद्या," म्हणाले.

"काय उद्या, बाबा?" अलका.

"रेड्डी अन् त्याचा मेव्हना. परवा लेन्स नेली. उद्या नागार्जुनसागरला लाँच हाय त्यांची." मग माझ्याकडे वळून, "लई चांगला धरतो गं त्याचा मेव्हना. मी म्हनलं त्याला, शाबास."

घाट आला तेव्हा अंधारायला लागलं होतं. प्रमोदने शेवटी कमरेचं बक्कल काढलं आणि पट्टा मामांच्या मुठीतच राहिला. अलकाने एकेक बोट उघडायचा प्रयत्न केला. करंगळी उघडली, तोवर मामा तिला बाजूला सारून घाटाच्या पायऱ्या चढायला लागले होते. वर रस्त्याला एसटीडी बूथ होता.

आता लगेच सांगते, रेड्डी आणि त्याचा मेव्हणा परत आले. रविवारी संध्याकाळी, धडधाकट. अलकाने मला नंतर पत्रात कळवलं. मामांनी पाटी काढली हेही कळवलं, आणि आता ते जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन विचारत बसतात, किती वाकला होता, हेही. मी स्वतः ते पाहिलेलं नाही. ट्रिपहून परतल्यावर दोनच दिवसांत मला ट्रेनिंगसाठी बंगलोरला निघायचं होतं, आणि मामा आमच्याबरोबर परत आलेच नाहीत. त्यांनी तिथूनच सागरची बस धरली. पण त्या घाटावर, त्या संध्याकाळी, आम्हाला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं.

मी मागोमाग धावले. बूथच्या आत पिवळा उजेड होता, काचेचं दार नीट न लागलेलं. मामा डाव्या हाताने नंबर फिरवत होते. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला. पलीकडे रेड्डींची म्हातारी आई असणार, कारण मामा "अम्मा, अम्मा" म्हणत होते. मग त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं. ते दोघं दुपारीच गाडीने निघाले होते, सागरला रात्री कुठे उतरणार हे तिला ठाऊक नव्हतं, हे मला नंतर कळलं.

"पट्टुकोवद्दु," मामा म्हणाले. धरू नका. "पट्टुकोवद्दनि चेप्पंडि अम्मा." धरू नका म्हणून सांगा.

म्हातारीला कळत नसावं, काय धरायचं नाही ते. मामांनी परत सांगितलं, आणखी सावकाश. मग परत. काचेपलीकडे मला फक्त ओठ दिसत होते, आणि उजवा हात. तो त्यांनी रिसीव्हरसमोर वर धरला होता, मुठीतून प्रमोदचा पट्टा लोंबत होता, आणि ते त्या म्हातारीला, जिला काहीच दिसत नव्हतं, ती मूठ दाखवत होते.